राणीचं सुतक

एलिझाबेथ राणी ८ सप्टेंबर २०२२ रोजी गेली, पण आमच्या घरातून ती अजून पुरती गेलेली नाही. माझी मावशी सत्तरच्या दशकात नर्स म्हणून इंग्लंडला गेली आणि तिथेच निवृत्त झाली. राणीची शवपेटी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये ठेवली होती तेव्हा दर्शनासाठी मावशी रात्रभर थेम्सच्या काठाने रांगेत चालत होती. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा, ठाण्याच्या शाळेत इतिहास शिकवायचा. त्याला ही रांग अजून पचलेली नाही. मावशी भारतात आली की विषय निघतोच. गेल्या खेपेला मी कागद-पेन घेऊन बसलो. मामा म्हणाला, सुरुवात कुठूनही करा, गाडी कोहिनूरवरच जाऊन थांबणार. तसं झालं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मावशी : मी काही राजघराण्याची भक्त नाही. डायानाच्या लग्नाच्या कप-बश्या मी घेतल्या नव्हत्या. पण बातमी आली आणि मला घरात बसवेना. त्याच्या दोनच दिवस आधीचा फोटो मी बघितला होता. बाल्मोरलला लिझ ट्रस नव्या पंतप्रधान म्हणून भेटायला गेल्या तेव्हाचा. सगळे त्या दोघींचे चेहरे बघत होते, मी राणीचा हात बघत होते. हाताची पाठ काळीनिळी पडलेली. जन्मभर लोकांच्या शिरा शोधल्यात मी, मला कळलं. आणि तरी बाई काठी टेकून उभी होती, हसत होती, नेमणूक करत होती. शहाण्णव वर्षं!

मामा : शहाण्णव वर्षांची म्हातारी गेली याचं वाईट वाटणं मला कळतं, आक्का. त्यासाठी चोवीस-चोवीस तास रांग लावणं कळत नाही. आणि तू तर अशी बोलतेस की जणू ती घरची होती.

मावशी : घरची नव्हती, घरात होती. पहिल्या पगाराच्या नोटेवर ती. आईला पत्र पाठवायचं तर पाकिटावर ती. ब्रिटनच्या तिकिटावर देशाचं नावसुद्धा नसतं रे, नुसता तिचा चेहरा असायचा. तुझे भावजी गेले तेव्हा सांत्वनाची पत्रं आली, त्या प्रत्येक पाकिटावर तीच. माझं सगळं परदेशातलं आयुष्य तिच्या काळात झालं. त्याला काही शोक म्हणायचा की नाही?

मामा : चेहरा रोज दिसायचा म्हणून सुतक पाळायचं असेल तर उद्या पार्ले-जीच्या पुड्यावरच्या पोरीचंही पाळावं लागेल.

मावशी : पाळ की. ती पोरगी कधी जालियनवाला बागेत चपला काढून उभी राहिली होती का, सांग.

(मुद्दा मावशीने स्वतःच काढला, म्हणजे हल्ल्याची तयारी होती. १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये राणी अमृतसरला गेली होती. पादत्राणं काढून तिने पुष्पचक्र वाहिलं, मान झुकवली. आदल्या दिवशी दिल्लीच्या मेजवानीत आपल्या सामायिक इतिहासातले कठीण प्रसंग, अशा अर्थाचं बोलून जालियनवालाचा उल्लेख केला. माफी मागितली नाही. त्याच भेटीत प्रिन्स फिलिपने फलकावरचा मृतांचा आकडा फुगवलेला आहे असं काहीतरी म्हणून सगळ्यावर पाणी फिरवलं.)

मामा : चपला काढल्या, तोंड उघडलं नाही. हेच मला म्हणायचंय. ती राणी झाली तेव्हा कुठे होती? केनियात. ६ फेब्रुवारी १९५२ ला, ट्रीटॉप्स नावाच्या, झाडावर बांधलेल्या लाकडी हॉटेलात. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये केनियात आणीबाणी लागली. माऊ माऊ बंडाच्या नावाखाली किकुयू लोकांना छावण्यांमध्ये कोंबलं, मारहाण झाली, बायकांवर, पुरुषांवर भयानक अत्याचार झाले. ते सगळं तिच्या नावाने. तिच्या मुद्रेखाली. १९५४ मध्ये बंडखोरांनी ते हॉटेलही जाळलं. २०१३ साली ब्रिटिश सरकारने खेद व्यक्त केला आणि पाच हजारांवर लोकांना मिळून जवळपास दोन कोटी पौंड दिले. तेही कोर्टात खेचल्यावर, दडवून ठेवलेल्या फायली बाहेर निघाल्यावर. राणी तेव्हा गादीवरच होती. एक शब्द नाही.

मावशी : तिने स्वतःहून बोलायचंच नसतं. राज्यघटना तशी आहे. मंत्रिमंडळ लिहून देईल ते वाचायचं.

मामा : वा! आता नीट ऐक. राष्ट्रकुल तिने बांधून ठेवलं, म्हणता. युद्धानंतरच्या ब्रिटनला तिने धीर दिला, म्हणता. आयर्लंडशी समेट तिने केला, म्हणता. सगळं श्रेय तिचं. आणि केनियाचं विचारलं की बिचारी बाई काय करणार, सही करायची बाहुली! श्रेय घेताना महाराणी आणि जाब विचारला की म्हातारी. दोन्ही कसं चालेल? आणि बाहुलीही इतकी मुकी नव्हती. तिच्या हिताशी संबंध येणारी विधेयकं संसदेत मंजूर होण्याआधी तिच्या संमतीला जायची. हजाराहून जास्त विधेयकं अशी गेली, हे २०२१ मध्ये 'गार्डियन'ने छापलं. स्वतःची खासगी संपत्ती जाहीर होऊ नये म्हणून सत्तरच्या दशकात तिच्या वकिलांनी सरकारकडे खटपट केली होती, तेही त्यात होतं. बोलायचं तेव्हा बोलता येत होतं तिला.

मावशी थोडी थांबली. मला वाटलं हरली. पण चाळीस वर्षं वॉर्डातल्या डॉक्टरांशी वाद घातलेली बाई ती.

मावशी : हा खेळ तूही खेळतोस. तुला जेव्हा म्हणायचं असतं की राजेशाही म्हणजे फुकटचा खर्च, तेव्हा तू म्हणतोस ती शोभेची बाहुली, काही कामाची नाही, कशाला पोसायची. आणि केनियाचं नाव निघालं की तीच बाहुली साम्राज्य चालवणारी होते. तुझ्या रागाला ती महाराणी हवी आणि तुझ्या हिशेबाला बाहुली. माझ्या दुःखात खोट काढतोस, मग तुझ्या रागाचाही ताळेबंद दाखव.

इथे मामाने चष्मा काढून पुसला. खरं सांगायचं तर दोघांच्या वादातला हाच सगळ्यात खरा भाग मला वाटतो. इतकी वर्षं जे माणूस गादीवर असतं आणि स्वतःचं मत म्हणून जवळजवळ काही उच्चारत नाही, त्याच्यावर वाटेल ते चिकटवता येतं. मावशीने तिच्यावर स्वतःचं आयुष्य चिकटवलं, मामाने साम्राज्य. मला मात्र मामाचं पारडं जरा जड वाटतं. मावशीचं आयुष्य राणीमुळे घडलं नव्हतं, योगायोगाने तिच्या काळात घडलं. केनियातल्या छावण्या योगायोगाने तिच्या नावावर नव्हत्या. हे मी मावशीला बोललो नाही.

मामा : बरं, माझ्यावर येऊ नकोस. त्या नायजेरियात जन्मलेल्या प्राध्यापिकेचं काय? बिआफ्राच्या युद्धात तिच्या घरच्यांची वाताहत झाली. ब्रिटनने त्या युद्धात नायजेरियाच्या सरकारला शस्त्रं पुरवली होती. राणी मरणाच्या दारात होती तेव्हा तिने लिहिलं की राणीला असह्य वेदना व्हाव्यात. केवढा गहजब झाला. मरणाऱ्याबद्दल असं बोलतात का, म्हणून. ज्याचं जळतं त्याला कळतं, आक्का.

मावशी : मला ते वाचवलं नाही. मी नर्स आहे, मरणाऱ्याला वेदना व्हाव्यात असं कुणी म्हटलं की माझ्या पोटात कालवतं. मग ते कुणीही असो, हिटलर असो. पण तिने गप्प बसावं असं मी म्हणणार नाही. आयरिश लोकांनीही त्या आठवड्यात स्टेडियममध्ये गाणी म्हटली होती, शवपेटीवरून. आणि त्याच आयर्लंडमध्ये शिन फेनच्या मिशेल ओ'नील मानाने बोलल्या. त्यांच्याच पक्षातल्या मार्टिन मॅकगिनेसशी राणीने २०१२ मध्ये हस्तांदोलन केलं होतं. एकेकाळचा आयआरएचा माणूस, आणि आयआरएनेच तिच्या नवऱ्याच्या मामाला, माउंटबॅटनला, बोटीत बाँब ठेवून मारलं होतं. तिने हात पुढे केला. तू केला असतास?

मामा : मी कुणाच्या मुलखावर राज्य केलेलं नाही, त्यामुळे मला संधी नाही.

मावशी : उत्तर टाळलंस.

मामा : टाळलं. तो हात तिने पुढे केला हे चांगलं केलं. झालं? पण मेलेल्या म्हशीला मणभर दूध, तसं चाललं होतं तुमच्याकडे ते दहा दिवस. बीबीसीवर काळे कपडे, फुटबॉलचे सामने रद्द, मोठ्या सुपरमार्केटने बिल करणाऱ्या मशीनचा आवाज बारीक केला. नॉरिचमध्ये सायकली लावायचा स्टँड बंद केला, का तर राणी गेली! सायकलस्वारांच्या संघटनेने अंत्यविधीच्या वेळी सायकल चालवू नका म्हणून सल्ला दिला आणि लोक चिडल्यावर शब्द फिरवला.

मावशी : त्या सायकल स्टँडचं आम्हालाही हसू आलं. पण हसण्यासारखं नव्हतं ते सांगते. १९ तारखेला अंत्यविधीची सार्वजनिक सुट्टी दिली म्हणून काही दवाखान्यांनी रुग्णांच्या ठरलेल्या वेळा पुढे ढकलल्या. कॅन्सरच्या, गुडघ्याच्या, गरोदर बायकांच्या. महिनोन् महिने थांबून मिळालेल्या वेळा. काही ठिकाणी गरिबांना अन्न देणाऱ्या फूड बँकाही बंद. तो हिवाळा गॅस-विजेच्या बिलांनी लोकांची कंबर मोडणारा होता. राणीला हे आवडलं असतं का?

मामा : पुन्हा तेच. राणीला काय आवडलं असतं! तिला आवडो न आवडो, सोळा कोटी पौंडांवर खर्च झाला, सरकारनेच नंतर आकडा दिला.

आणि मग मामा १८९७ मध्ये शिरला. तो तिथे शिरतो तेव्हा आम्ही चहा पुन्हा ठेवतो.

मामा : ही काही नवी गोष्ट नाही. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली तेव्हा, जून १८९७ मध्ये, पुण्यात काय होतं? प्लेग होता, दुष्काळ होता. घरात शिरून झडत्या घेणारे गोरे सोल्जर होते. आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीला गव्हर्नरच्या बंगल्यावर हीरक महोत्सवाची रोषणाई. तिथून परतताना प्लेगचा कारभार बघणाऱ्या रँडवर चाफेकरांनी गोळ्या झाडल्या. दिवस निवडला कोणता, तर राणीच्या उत्सवाचा. मुंबईतल्या राणीच्या पुतळ्याला दामोदर चाफेकरांनी त्याआधीच डांबर फासलं होतं. तो पुतळा आता राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या मागे उभा आहे. मुलांना मी दरवर्षी दाखवायला न्यायचो.

मावशी : राणीच्या बागेत? जिजामाता उद्यान म्हण ना. कसे जायचात? व्हीटीवरून?

मामा : भायखळ्याला उतरून. सवयीचं नाव आहे ते, त्यात भक्ती नाही.

मावशी : मग माझ्या सवयीत भक्ती का शोधतोस?

(मावशीचा हा टोला मी दोनदा लिहून घेतला.)

मामा : ऐक तर. गंमत पुढे आहे. त्याच व्हिक्टोरियाला आपल्याच लोकांनी आईसारखं मानलं. कारण १८५८ चा राणीचा जाहीरनामा. जात, धर्म, वर्ण न बघता नोकऱ्या देऊ, धर्मात ढवळाढवळ करणार नाही, असं त्यात वचन होतं. नौरोजी, रानडे, गोखले, सगळे तो जाहीरनामा हातात धरून इंग्रज अधिकाऱ्यांशी भांडले. राणीने कबूल केलंय, तुम्ही देत नाही! राणी चांगली, कारभारी वाईट. गरिबाला हा विश्वास लागतो. वर कुणीतरी भलं माणूस आहे, खालच्यांनी घोटाळा केलाय. तू रांगेत उभी राहिलीस तेव्हा मला तेच दिसलं.

मावशी : गोखले मूर्ख होते का मग?

मामा : नाही. फार चतुर होते. त्यांनी राणीचं नाव हत्यार म्हणून वापरलं. पण १९०१ च्या जानेवारीत ती गेली आणि गावोगाव शोकसभा झाल्या, तेव्हा नाशिकला मित्रमेळ्यात शोकप्रस्तावाचा विषय निघाला. सावरकर सतरा वर्षांचे. ते म्हणाले, ती आपल्या शत्रूंची राणी आहे, आपण शोक कशाला करायचा? बाकी तेव्हाही गावभर चर्चा झाली असेल की मेलेल्या बाईबद्दल असं बोलतात का.

मावशी : सतराव्या वर्षी मीही असंच बोलले असते. पण बाळू, सावरकरांना शोक न करण्याची मुभा होती का नव्हती, हा प्रश्न वेगळा. मी शोक केला म्हणून मी गुलाम, हा वेगळा. तू दोन्ही एकाच पोत्यात भरतोस.

आता मामा गप्प राहिला नाही, पण आवाज खाली आला. पुढे तो जे बोलला त्यावर मावशीचंही फारसं दुमत नव्हतं, म्हणून ते थोडक्यात सांगतो. ऑक्सफर्डमध्ये चार्ल्सला राजा म्हणून घोषित करताना गर्दीतल्या एकाने मोठ्याने विचारलं, याला निवडून कुणी दिलं? पोलिसांनी त्याला बेड्या घालून गाडीत बसवलं. त्याच्यावरचा खटला पुढे मागे घेतला गेला. लंडनमध्ये संसदेसमोरच्या चौकात एक वकील कोरा कागद घेऊन उभा राहिला, तर त्याचं नाव-गाव विचारलं गेलं. त्यावर 'हा माझा राजा नाही' असं लिहिलंस तर अटक होऊ शकेल, असंही बजावलं गेलं. मी मध्येच थायलंडची आठवण काढली. तिथे भूमिबोल राजा २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये गेला. त्यानेही सत्तर वर्षं राज्य केलं होतं. वर्षभराचा दुखवटा, काळे कपडे बाजारातून संपलेले, रंगीत कपडे काळे करून देण्यासाठी फुकट रंगाची सोय. आणि राजाबद्दल वावगं बोललं तर पंधरा वर्षांपर्यंत तुरुंग. तिथल्या रस्त्यावरच्या अश्रूंपैकी खरे किती, हे कुणालाच सांगता येणार नाही, कारण न रडण्याची सोय नव्हती. मावशी म्हणाली, म्हणूनच त्या कोऱ्या कागदाचा मला राग आला. पोलिसांचा. त्यांनी माझं रडणंही खोटं करून टाकलं.

हे वाक्य मामाला आवडलं असावं, कारण त्याने तिला शेवटची करंजी दिली.

मामा : आणि आपण? ८ सप्टेंबरच्या संध्याकाळी दिल्लीत राजपथाचं नाव कर्तव्यपथ केलं, इंडिया गेटच्या छत्रीत नेताजींचा पुतळा बसवला. पूर्वी त्याच छत्रीत पाचवा जॉर्ज, तिचा आजोबा, उभा होता. भाषणात गुलामीच्या खुणा पुसल्याचा अभिमान. रात्री अकराला बातमी आली की राणी गेली. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी, इथे लोक वेगळ्याच राजाला निरोप द्यायला लालबागला जमलेले. आणि ११ तारखेला भारत सरकारचा एक दिवसाचा राजकीय दुखवटा, झेंडे अर्ध्यावर. आज खुणा पुसायच्या, उद्या हळद-कुंकू वाहायचं.

मावशी : शेजारच्या घरात कुणी गेलं तर जुनं भांडण असलं तरी जातोच की आपण. त्याला दुटप्पीपणा नाही म्हणत. राष्ट्रपती मुर्मूही गेल्या अंत्यविधीला. न जाणं शोभलं असतं का?

मामा : आणि बाकी पब्लिक कोहिनूर परत करा म्हणून मोबाइलवर ओरडत होतं.

मावशी : कोहिनूर पेटीवर नव्हताच. तो तिच्या आईच्या मुकुटात आहे, टॉवरमध्ये. पेटीवर जो मुकुट आणि राजदंड होता त्यात आफ्रिकेतल्या कलिनन हिऱ्याचे तुकडे आहेत. ओरडायचा हक्क त्या दिवशी दक्षिण आफ्रिकेचा जास्त होता, आणि ते ओरडतही होते.

(कोहिनूर एवढ्यातच आटोपला. मामाचा अंदाज चुकला.)

मामा : बरं, ती रांग कशी होती ते सांग. ते तू कधी नीट सांगितलं नाहीस.

मावशी : सदर्क पार्कपासून सुरू. हाताला रंगीत पट्टी बांधायचे, नंबर घातलेली, म्हणजे लघवीला गेलात तरी जागा जात नाही. रात्री गारठा. लोकांनी एकमेकांना बिस्किटं दिली, पांघरुणं दिली. माझ्या पुढे एक निवृत्त सैनिक, मागे घानाची एक मुलगी, तिची आजी राणीला शिव्या द्यायची म्हणे, ही मात्र बघायला आलेली. बेकहॅमही कुठेतरी त्याच रांगेत बारा तास उभा होता, फुटबॉलवाला. आत जायच्या आधी खाणं-पिणं काढून टाकावं लागे. न उघडलेले पुडे गोळा करून संस्था गरिबांसाठी नेत. तेवढं बरं वाटलं. आत गेलं की एकदम शांत. दर वीस मिनिटांनी पहारा बदलायचा, काठीचा ठोका पडायचा. कुणी मान लववायचा, कुणी क्रॉस करायचा, कुणी सलाम ठोकायचा. मी नमस्कार केला. एकही क्षण थांबता येत नाही, पुढे चला. बाहेर आल्यावर पाय दुखत होते आणि मला रडू आलं, पण तिच्यासाठी नाही.

मामा : भावजींसाठी.

मावशी : हं. त्यांच्या वेळी कोविड होता. दहा माणसं स्मशानात.

मामाने इथे काही बोलायला नको होतं आणि तो बोललाही नाही. थोड्या वेळाने मावशीनेच विचारलं, काय रे, संपला तुझा इतिहास?

मामा : एकच विचारतो. चार्ल्स गेला तर जाशील रांगेत?

मावशी : छे. तोपर्यंत मीच असेन की नाही. आणि असले तरी नाही जाणार. त्याचं मला काही वाटत नाही. चांगला आहे, झाडाबिडांचं बोलतो, चर्चगेटला येऊन आपल्या डबेवाल्यांना भेटला होता, लग्नाला बोलावलं त्यांना. पण नाही.

मामा : मग राजेशाही हवी की नको, यावर उद्या मतदान झालं तर?

मावशी : हवी म्हणेन.

मामा : का? आत्ताच म्हणालीस काही वाटत नाही!

मावशी : अरे, राष्ट्राध्यक्ष निवडायचा म्हटलं तर कोण येईल, विचार कर. बोरिस जॉन्सनचा चेहरा नोटेवर? त्यापेक्षा हे बरं.

मामा : नोटेवर चेहरा हवाच कशाला?

मावशी : तुमच्या नोटांवर गांधीजी आहेत ना. त्यांना कुणी निवडून दिलं होतं?

मामा : बेळगाव, १९२४. काँग्रेसचे अध्यक्ष.

मावशी : ते एक वर्ष.

मामा : एक वर्ष तर एक वर्ष. पण त्यांच्यानंतर नोटेवर त्यांचा मुलगा हरिलाल आला नाही.

मावशी : चार्ल्स काही हरिलाल नाही.

मामा : तसा निघाला असता तरी आला असता, आक्का. मी एवढंच म्हणतोय.